दारातली घुरघुर

माणूस गेला की त्याच्या घरी दोन गोष्टी हमखास होतात. एक, दारातल्या चपलांची अदलाबदल. आणि दुसरी, कुणीतरी आतून डोकं बाहेर काढून दबक्या आवाजात विचारतं, "गाडी आली का?"

ह्या भागात मात्र तो प्रश्न कुणी विचारत नसे. गाडी आलेली ऐकूच यायची. नगरपालिकेची पांढरी शववाहिनी दारात लागली की तिची घुरघुर आधी फरशीतून पायांना कळायची, मग खिडकीच्या काचा बारीक थरथरायच्या, मग टेबलावर कुणी न प्यालेल्या पाण्याच्या पेल्यांत वर्तुळं उठायची. आणि ती जी सुरू व्हायची, ती मयत बाहेर येऊन, गाडीत चढून, गाडी हलेपर्यंत थांबायची नाही. मग त्याला घटकाभर लागो की अर्धा दिवस.

स्टिअरिंगच्या चाकामागे बसणाऱ्या माणसाला सगळे सावकाश म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. शेजारून सायकलवाला पुढे निघून जाईल अशा बेताने तो गाडी हाकायचा, त्यावरूनच पडलं असणार. सगळे त्याला तोंडावर सावकाश म्हणत. बायको तेवढी पाठीमागे म्हणायची.

उंच, वाकलेला, ओठांवर पांढरी मिशी, आणि शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. दारात गाडी लावायचा, हातब्रेक ओढायचा, मागे जाऊन पडदे सारखे करायचा आणि पुन्हा येऊन चाकामागे बसायचा. हॉर्न त्याने आयुष्यात वाजवला नव्हता. खड्डा आला की तो असा काही अलगद उतरवायचा की मागे बसलेल्यांना वाटावं, रस्ताच नवा केलाय.

"काका," एखादा पुतण्या खिडकीशी येऊन सांगायचा, "वेळ लागेल हं. मोठी ताई अजून वाटेत आहे. बंद केलीत तरी चालेल."

"असू दे."

"नाही, तासभर तरी जाईल. उगाच डिझेल..."

"असू दे, बाळा. तिला सवय आहे."

पुतण्या मान हलवून आत जायचा. अशा वेळी ड्रायव्हरशी कोण वाद घालतं? आत ताईची वाट बघणं चालू राहायचं, बाहेर गाडीची घुरघुर चालू राहायची.

नगरपालिकेच्या गॅरेजसमोरच्या चहावाल्याकडे कुणी नवा ड्रायव्हर आला की ठरलेला प्रश्न यायचा, "सावकाशकाका, तुम्ही दारात इंजिन बंद का करत नाही?" मग बाकडं सरकवलं जायचं. ही गोष्ट सांगताना मात्र ह्या माणसाला कंठ फुटायचा.

"नवा होतो तेव्हा. दारात गेलो, शहाण्यासारखी गाडी बंद केली. मयत ठेवलं, माणसं बसली, मी सेल्फ मारतो, तर टिक. पुन्हा मारतो, टिक. घामाच्या धारा. मागून मयत सासरेबुवांचे तीन जावई उतरले. म्हणाले, ढकलतो. ढकलायला लागले. आणि त्यातला धाकटा म्हणतो कसा, 'ह्या माणसाने जन्मात जावयांना पाण्याचा पेला आणून दिला नाही, आणि जाता जाता तिघांना कामाला लावलं.' अरे, लोक रडायचं सोडून हसायला लागले. सासूबाई पदरात तोंड घालून हसतायत. माझी मान जी खाली गेली ती चौक येईपर्यंत वर झाली नाही. त्या दिवसापासून कानाला खडा. मयताच्या दारात गाडी बंद करायची नाही."

चहावाला हे इतक्या वेळा ऐकून होता की धाकट्या जावयाचं वाक्य तोच आधी म्हणून टाकायचा.

गोष्ट खरी होती. फक्त गाडी चालू ठेवायचं कारण ती नव्हती. खरं कारण एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस शिवणयंत्रावर बसून ह्या शववाहिनीचे पडदे शिवायचं.

गाडी आजारी पडल्याचं पहिल्यांदा बोलून दाखवलं ते गॅरेजच्या मेस्त्रीने. मेस्त्री बुटका, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि जिभेला हाड नसलेला. एका सकाळी सावकाश त्याच्याकडे गेला तो छाती पुढे काढून.

"ऑइल टाकू नका, मेस्त्री. गरज नाही."

"का बुवा?"

"बाकीच्यांच्या गाड्या ऑइल पितात. माझी पीत नाही. उलट वाढलंय. काडी बघा."

मेस्त्रीने ऑइल मोजायची काडी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"वाढलंय खरं."

"म्हटलं ना."

"आपोआप?"

"आपोआप."

"आणि तुला आनंद झाला."

"का होऊ नये?"

"अरे, कॅनमधलं दूध रात्रीतून आपोआप वाढलं, तर तू गवळ्याचा सत्कार करतोस का? घे, वास घे."

सावकाशने काडी नाकाशी नेली. मग थोडी लांब धरली. मग पुन्हा नाकाशी नेली.

"डिझेल," तो म्हणाला.

"डिझेल. टाकीत असायचं ते इथे काय करतंय? पाहुणं आलंय?" मेस्त्रीने काडी त्याच्या हातातून घेतली. "तू दारोदार हिला उभी करून घुरघुरत ठेवतोस. अशाने इंजिन धड तापत नाही. आणि न तापलेल्या इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, कळलं? जळायचं राहिलेलं थोडं धुरातून बाहेर जातं, थोडं पिस्टनच्या कडेकडेने खाली झिरपतं. ऑइलमध्ये. ते तुझं वाढलेलं ऑइल. काडीवर वाढतंय आणि आत पातळ होतंय, पाण्यासारखं. त्याच्या जिवावर सगळे सांधे फिरतात. लोखंडावर लोखंड घासतंय तिथे."

"मी कधी पळवली नाही हिला, मेस्त्री. कधी आवाज चढवला नाही हिच्यावर."

"तेच ना. पळवली असतीस तर जगली असती. लोक गाड्या पळवून मारतात, तू उभ्या उभ्या मारतोयस." त्याने धुराड्याच्या नळीत बोट घालून बाहेर काढलं. बोटावर ओली, काळी, तेलकट काजळी होती. "हे आत सगळीकडे बसलंय. रिंगांत, नोझलांवर. बॅटरीही अर्धपोटी. हळू फिरणाऱ्या इंजिनावर ती भरणार किती, आणि तू वर मागचा पंखा आणि दिवा लावून ठेवतोस. किती किलोमीटर पळालीये बघितलं तर ही गाडी पोरसवदा आहे. आणि उघडून बघशील तर जख्ख म्हातारी."

सावकाशने खिशातून रुमाल काढला. तो मेस्त्रीपुढे धरला, बोट पुसायला. मेस्त्रीने तो घेतला नाही, स्वतःच्या विजारीला बोट पुसलं.

"हे बघ," त्याने आवाज उतरवला, "मी ऑइल बदलतो, नोझल साफ करतो. नवी गाडी मिळणार नाही, साहेबांनी सांगून टाकलंय. ही गेली की हिला भंगारात आणि तुला गॅरेजच्या फाटकावर. बसशील साखळी वर-खाली करत. मयतं न्यायचं काम खाजगी गाडीवाल्यांना देणार आहेत. तेव्हा दारात पोचलास की किल्ली फिरवायची. एवढंच करायचं. जमेल?"

"जमेल की."

"बघ हं. सोपं काम सांगितलं की तुझा चेहरा पडतो."

फाटकावरच्या माणसाचं काम सावकाशने जन्मभर बघितलं होतं. त्या कामात वाईट असं काही नव्हतं. पण त्याच्या हाताला एकच गोष्ट येत होती, निपचित पडलेल्या माणसाला धक्का न लावता त्याच्या घरापासून शेवटच्या जागेपर्यंत नेणं. आणि खाजगी गाडीवाले काय करतात ते त्याने चौकात पाहिलं होतं. हॉर्न मारून वाट काढतात. मागे माणूस झोपलाय हे त्यांच्या गावीही नसतं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको यंत्रावर होती. खोली एकच, मधे कपाट उभं करून दोन केलेली. यंत्राशेजारी पांढऱ्या कापडाचा ढीग. शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, आणि वर्षातून एकदा शववाहिनीचे. सावकाशने आल्या आल्या पंखा लावला.

"थंडी आहे," बायको म्हणाली.

"असू दे."

"मला कापड धरवत नाही, उडतं."

"हळू लावतो." त्याने बटण एक घर मागे फिरवलं. पंखा खडखडत राहिला. हा पंखा घरात कुणी असेपर्यंत बंद व्हायचा नाही, मग बाहेर घाम असो की हुडहुडी. तो जेवला, भांडी सरकवली, भिंतीला टेकला. बायको दोरा दाताने तोडून काहीतरी बोलली.

"काय?"

"काही नाही."

"नाही, काय म्हणालीस?"

"काही नाही हो. जेवलात ना पोटभर?"

"मेस्त्री म्हणतो, गाडी दारात बंद ठेवायची. नाही तर फाटकावर बसवणार."

बायकोने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "मग?"

"मग काय. ठेवायची."

"जमेल?"

"तूही तेच विचार."

तिने मांडीवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी गेले तर मला तुम्हीच न्या. पण गाडी बंद ठेवा बाई. माझं बोलणं जन्मभर ऐकलं नाहीत, निदान माझ्यासाठी चार माणसं रडलेली तरी ऐका."

"तू गेलीस तर रडणार कोण? गणवेश राहिलेली पोरं?"

"ती तर नाचतील. शाळा बुडाली म्हणून."

दोघंही हसले. पंखा खडखडत होता, त्यामुळे कोण किती हसलं ते कळलं नाही.

खरं कारण असं होतं. जावयांनी ढकलायच्याही आधी, अगदी पहिल्या दिवसांत, सावकाश एका दारात गाडी बंद करून बसला होता. सकाळची वेळ. घर रस्त्याला लागून, खिडकी हाताच्या अंतरावर. आत लहान मूल गेलं होतं. रडण्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो एका बाईचा आवाज, रोजच्यासारखा, थोडा वैतागलेला. "ऊठ बघू. किती हाका मारायच्या? उशीर होतोय. दप्तर तसंच पडलंय. ऊठ, माझा राजा, उशीर होतोय ना." दुसरं कुणी तिला गप्प करत नव्हतं. ती थांबायची, जणू उत्तराची वाट बघत, आणि पुन्हा सुरू करायची. सावकाशने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि तो आवाज बुडाला. त्याने चाकावर कपाळ टेकलं, ते मयत बाहेर येईपर्यंत उचललं नाही.

हे त्याने बायकोला एकदाच सांगितलं होतं. त्या सकाळनंतर एकदाच मन घट्ट करून त्याने दारात गाडी बंद ठेवून पाहिली, तेव्हा जावयांची गोष्ट घडली, आणि ती सांगायला किती सोयीची होती.

ऑइल बदलल्यावर त्याने मनापासून प्रयत्न केला. एका जिन्याच्या घरापाशी गाडी लावली आणि किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वरून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी नाक शिंकरलं. मग एक पुरुष फोनवर पत्ता सांगायला लागला, "हो, तेच घर, निळं दार. नाही हो, मी बरा आहे. नाही... नाही, बाबा नाहीत आता फोनवर यायला," आणि तिथे त्याचा आवाज चिरला.

सावकाशचा हात किल्लीवर गेला होता. कधी गेला ते त्याला कळलं नाही. घुरघुर सुरू झाली आणि त्याने श्वास सोडला.

त्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त चोरून. गॅरेजच्या रस्त्यावर तो गाडी शहाण्यासारखी बंद करायचा, मेस्त्री दिसला की किल्ली हातात खुळखुळवायचा. दारात मात्र तीच घुरघुर. काडी तो आता बघतच नव्हता. बघितली असती तर ऑइल पुन्हा वर चढलेलं दिसलं असतं. आणि त्याचा आनंद मानायची सोय आता उरली नव्हती.

चोरी पकडली ती बायकोने. धुवायला आणलेले पडदे तिने उजेडात धरले. मागच्या दाराकडच्या पडद्यांवर खालच्या बाजूला काळे ठिपके होते, बारीक, तेलकट, कुणी दौतीचा टाक झटकल्यासारखे.

"हे जात नाहीत."

"काय?"

"डाग. साबण लावला, सोडा लावला. पसरतात, पण जात नाहीत." तिने पडदा त्याच्या मांडीवर टाकला. "कुणाच्या तरी अंगावरच्या चादरीवरही पडत असतील हे."

पडत होते. एका घरी मयताच्या भावाने खोकत खोकत धूर हाताने बाजूला सारला होता आणि म्हणाला होता, "अहो, ह्यांचा दमा संपला, आता आमचा सुरू करता का?" धूर निळसर पांढरा असायचा आणि त्याला न जळलेल्या डिझेलचा, डोळे चुरचुरवणारा वास असायचा. सकाळी गाडी एका सेल्फला उठायची नाही. ऊठ ऊठ करावं लागायचं. चढावर मागून कुणी धरून ठेवल्यासारखी दमायची. सावकाश तिच्या डॅशबोर्डवरून हात फिरवायचा. "चल बाई. एवढं एक." असं रोज एक.

मग ते हातोडेवाल्यांचं घर आलं.

हातोडेवाले म्हणजे आडनाव नव्हे. म्हातारा पत्र्याच्या कारखान्यात हातोड्यांखाली काम करून ऐन तारुण्यात जवळजवळ ठार बहिरा झाला होता. संसार झाला तो ओरडून. म्हातारीचा आवाज गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. "मीठ जास्त झालंय, मुकाट्याने खा." "तुमच्या बहिणीचा फोन होता, तुम्ही घरी नाही म्हणून सांगितलं." गल्लीला त्यांच्या घरातलं सगळं पाठ. बहीणही ह्याच गल्लीत राहायची, हा त्यातला मजेचा भाग.

सावकाश दारात पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सकाळी गाडी कशीबशी उठली होती, दिवे मंद, सेल्फचा आवाज दमेकऱ्यासारखा. त्याने हातब्रेक ओढला, इंजिन घुरघुरत ठेवलं. फार थांबावं लागलं नाही. म्हाताऱ्याला आणलं, ठेवलं, पुतण्याने मागचं दार अर्धं लावलं. सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले. तेवढ्यात म्हातारी चालत पुढे आली, थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी. बुटकी, हातात म्हाताऱ्याची टोपी.

"अहो, ती बंद करा जरा."

"निघायचंच आहे, आजी."

"म्हणून तर. निघायच्या आधी बंद करा. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

"बोला ना. मी इकडे पुढे आहे. मला काही ऐकू येणार नाही."

"तुम्हाला नाही हो. मलाच माझं ऐकू येणार नाही. ह्या आवाजात ओरडावं लागेल. जन्मभर ओरडलेच की." तिने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे ओरडून सांगण्यासारखं नाही."

पुतण्या मागून आला. "काकू, चला ना. उशीर होतोय."

"कुणाला? ह्यांना?"

उशीर होतोय. सावकाशचा हात चाकावर घट्ट झाला. खिडकीतली ती बाई, ते दप्तर, सगळं एकदम आलं. त्याने बॅटरीच्या दिव्याकडे पाहिलं. डॅशबोर्डवरचा लाल ठिपका आज सकाळपासून मिटला नव्हता.

"आजी, खरं सांगतो. बंद केली तर पुन्हा चालू होईल असं नाही."

"नाही तर नाही," म्हातारी म्हणाली. "लोक आहेत ना इतके."

त्याने किल्ली फिरवली.

इंजिन एक हिसका देऊन थांबलं. तापलेली गाडी बंद केली की थंड होताना तिचं लोखंड टकटक वाजतं. हिचं तेही वाजलं नाही. ती तापलीच नव्हती. गल्लीत एका नळाचं पाणी बादलीत पडत होतं. कुणाच्या तरी बुटाखाली खडा चुरला. म्हातारी मागे गेली, पायरीवर बसली, दाराच्या फटीतून आत हात घातला. सावकाशला कान झाकता आले असते. त्याने हात मांडीवर ठेवले.

"अहो," म्हातारी म्हणाली, आणि थांबली. तिचा हळू आवाज ह्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता, बहुधा तिनेही नाही. तो बारीक होता, मुलीसारखा. "तुम्ही विचारायचात ना, काय म्हणालीस म्हणून. आणि मी म्हणायचे, काही नाही. रोज. ओरडायचा कंटाळा यायचा हो. ते 'काही नाही' खरं नसायचं. बसा, सांगते."

आणि ती सांगत राहिली. पुढचं सावकाशला नीट कळलं नाही, ती आणखी हळू बोलायला लागली. मधे एकदा हसली. मधे एकदा म्हणाली, "निळी साडी," आणि बराच वेळ काहीच नाही. गल्लीत कुणी हललं नाही. म्हाताऱ्याची बहीण आपल्या दारात उभी होती, ती खाली बसली. हे सगळं सावकाशने ऐकलं, नळसुद्धा, आणि त्याच्या मिशीवरून पाणी शर्टाच्या वरच्या बटणावर पडत राहिलं.

शेवटी म्हातारीने टोपी आत ठेवली. "झालं. चला."

त्याने किल्ली फिरवली. टिक.

पुन्हा फिरवली. तेही नाही.

"ढकलू का, काका?" पुतण्याने विचारलं. सहाजण मागे लागले. गाडी हलली, सरकायला लागली, त्याने गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, नळीतून पांढरा लोट सुटला, आणि इंजिनाच्या पोटात कुणीतरी पत्र्याच्या डब्यात पळी आपटल्यासारखा आवाज झाला. एकदा. दोनदा. मग आत काहीतरी अडकलं आणि चाकं जागच्या जागी थिजली. त्याने क्लच दाबला, गिअर काढला. त्याच्या हातांना कळलं होतं. ही आता ऊठ म्हटल्याने उठणार नव्हती.

"दुसरी गाडी बोलवू?" कुणीतरी म्हणालं.

"काय करायची?" म्हातारी म्हणाली. "रस्ता सपाट आहे. ढकला." आणि पुढे, कुणाला उद्देशून न म्हणता, "शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही ह्या माणसाने."

कुणी हसलं नाही. तीच थोडी हसली.

असं ते निघाले. इंजिन बंद, म्हणून स्टिअरिंगचं चाक दगडासारखं जड, ब्रेकला जोर लावावा लागत होता. सावकाश दोन्ही हातांनी वळवत होता. मागून माणसांचे श्वास ऐकू येत होते, चपलांची फरफट, म्हातारीची शेजारून चाललेली पावलं. कुणी मधेच "दमलो रे" म्हणायचं, कुणी बदली यायचं. चौकात लोक थांबले. हॉर्न कुणी वाजवला नाही. खड्डा आला तेव्हा त्याने तो सवयीने अलगद उतरवला.

गाडी स्मशानातून दोरीने ओढून गॅरेजात नेली. मेस्त्रीने इंजिन उघडलं आणि सावकाशला बोलावून सायलेंडर दाखवला. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

"केवढी चकाकतेय," सावकाश म्हणाला.

"तोच रोग आहे. ह्यावर आता ऑइल ठरत नाही, रिंगा धरत नाहीत. बेअरिंग तर वितळलेच." मेस्त्रीने चष्मा छातीवर सोडला. त्याला काहीतरी लागट बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं. "चहा घेतोस का?" तो म्हणाला.

साहेबांनी दोनच ओळींत काम उरकलं. गाडी भंगारात, सावकाश फाटकावर. मयतांसाठी खाजगी गाड्या यायला लागल्या. त्या समोरच्या रस्त्याने हॉर्न मारत गेल्या की सावकाश साखळीजवळ उभा राहायचा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. चहावाल्याकडे त्याने जावयांची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. एकदा चहावाल्यानेच धाकट्या जावयाचं वाक्य म्हणून सुरुवात करून दिली. सावकाशने पेला ठेवला आणि उठून गेला.

फाटकावरच्या पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको यंत्रावर होती. त्याने भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला. पाती फिरत फिरत हळू झाली, थांबली. बायकोने यंत्र थांबवून वर पाहिलं.

"बिघडला?"

"नाही. बंद केला." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "बोल."

"काय बोलू?"

"तू काही नाही म्हणायचीस ना. त्या दिवशी म्हणालीस, मेस्त्रीचं सांगितलं तेव्हा. त्याआधीही. ते काय होतं?"

तिने कापडाची कड बोटांत धरली. खोलीत इतकं शांत होतं की तिच्या अंगठीचा यंत्राला लागलेला आवाज आला. ती खरोखरच आठवायला लागली, कपाळाला आठी घालून, जुन्या पेटीत तळाशी हात घातल्यासारखी. तो वाट बघत राहिला. किती वेळ लागला तरी त्याला चालणार होतं.

"नाही हो," ती शेवटी म्हणाली. "इतकी 'काही नाही' झाली. आता एकही आठवत नाही."

आणि थोड्या वेळाने तिने पायाने यंत्र पुन्हा सुरू केलं, अगदी हळू.